‘ओझं’ की ‘जड होणं’?

अनुवादवेडी : भूतानमधून हुसकावलेल्या नेपाळीभाषक निर्वासितांमधल्या आत्महत्यांवरचा लेख मराठीत आणतेय. ‘पर्सीव्ह्ड बर्डन्समनेस’ला, म्हणजे आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटण्याला, ‘ओझे असल्याची जाणीव’ लिहिलं. पण ‘जाणीव’ म्हटलं की माणूस खरंच ओझं आहे आणि ते त्याला उमगलंय, असं होतं. दुसरं काही सुचतंय?

सांगलीकर : ‘भारभूत’? ‘खायला काळ, भुईला भार’ आहेच.

अनुवादवेडी : ती म्हण दुसऱ्याला हिणवायची. इथे घरात कुणी चकार शब्द काढत नाही, तरी वाटत राहतं.

कोलंबसवाली : ‘जड झाल्याची भावना’ करा. आपले म्हातारे म्हणतातच, ‘आता मी तुम्हाला जड झालोय.’ इथे अमेरिकेत, आमच्या ओहायोत या निर्वासितांची वस्ती मोठी आहे. दक्षिण भूतानात संत्र्या-वेलचीच्या बागा राखलेली माणसं १९९० नंतर परागंदा झाली, नेपाळातल्या झापा-मोरंग जिल्ह्यांच्या छावण्यांत वर्षानुवर्षं शिध्यावर जगली, आणि २००७ च्या अखेरीपासून आठ देशांत पांगली. बहुतेक अमेरिकेत. इथे दवाखान्यात आजोबांचं पोटाचं दुखणं शाळकरी नातू इंग्रजीत सांगतो, आजोबा खाली बघत बसतात. निर्वासित वृद्धांना मिळणारी सरकारी मदतही सात वर्षांपुरती. पुढे हवी तर नागरिकत्व, आणि त्याची परीक्षा सहसा इंग्रजीत.
(नेपाळीत ‘भारी’ म्हणजे पाठीवर वाहायचा भार. आपलं ‘लई भारी’ नव्हे!)

सांगलीकर : म्हणजे वय, शिक्षण, भाषा, सगळं त्यात आलं. लेखात आकडे आहेत का?

अनुवादवेडी : आहेत. २००९ ते २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भूतानी निर्वासितांत आत्महत्येचं प्रमाण लाखामागे वर्षाला २०.३ होतं, तिथल्या एकूण लोकसंख्येत १२.४. तसे विचार मनात येण्याशी निगडित गोष्टींत कौटुंबिक कलह, आधाराची उणीव, नैराश्य. आणि ‘नॉट बीइंग अ प्रोव्हायडर’. त्याला ‘बेरोजगार’ लिहिलंय.

कोलंबसवाली : छे, ‘बेरोजगार’ नको. ‘घर चालवण्याची जबाबदारी नसणे’ लिहा. नोकरी काय, तरण्यालाही नसते. ज्यानं घर चालवलं, त्याला आता सुनेकडे बसभाडं मागावं लागतं. सल तिथे आहे.

अनुवादवेडी : पटलं. मजकुरात ‘जड झाल्याची भावना’, तक्त्यात ‘भारभावना’. आता जोडीची संज्ञा. मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांच्या आत्महत्येविषयीच्या सिद्धांतात दोन्ही एकत्र येतात : ‘थ्वॉर्टेड बिलाँगिंगनेस’, म्हणजे आपलं कुणी असावं ही गरज अपुरी राहणं.

सांगलीकर : ‘उपरेपण’.

कोलंबसवाली : उपरेपण परक्या गावात. इथे भरल्या घरातही आपलं कुणी नाही असं वाटतं. ‘पोरकेपण’ बघा.