‘फुटीरतावादी’ कोणाला म्हणावे?

प्रश्न : इंदूरला भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आमची मुले हिंदी पुस्तकांत ‘अलगाववाद’ शिकतात आणि घरी मराठी वर्तमानपत्रात ‘फुटीरतावाद’ वाचतात. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? शिवाय केंद्राच्या कारभारावर नाराज असलेल्या तरुणांनाही कुणी कुणी हेच विशेषण लावतात, ते योग्य आहे का?

उत्तर : देशातून फुटून स्वतंत्र राष्ट्र स्थापावे, ही भूमिका दोन्ही शब्दांनी सांगितली जाते, परंतु ‘फुटीर’ या शब्दात दोषारोप मुरलेला आहे, कारण पक्ष सोडून गेलेल्या आमदारालाही आपण ‘फुटीर’च म्हणतो. २०१४ साली स्कॉटलंडमध्ये कायद्याने सार्वमत घेतले गेले, त्यात १६ आणि १७ वर्षांच्या मुलांनाही मताधिकार होता; त्यांपैकी ज्यांनी स्वतंत्र होण्याच्या बाजूने मत दिले, त्यांना ‘स्वातंत्र्यवादी’ म्हणणेच न्याय्य ठरेल.

आपल्याकडे गल्लत होते ती निराळीच. वेगळा विदर्भ मागणारा तरुण फुटीरतावादी नव्हे. नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३ ने संसदेला दिला आहे आणि १ नोव्हेंबर २००० रोजी आपल्याच मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले, तेव्हा देशाची सीमा तसूभरही हलली नाही. तसेच ‘जीएसटीतला राज्याचा वाटा वाढला पाहिजे’ असे एखादी विद्यार्थिनी वर्गात म्हणाली, तर ती संघराज्याच्या चौकटीत राहूनच बोलत असते. तिच्या भूमिकेला ‘राज्यांच्या स्वायत्ततेचा पुरस्कार’ म्हणावे.

हा भेद तमिळनाडूच्या इतिहासात स्वच्छ दिसतो. १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली, निवडणूक लढवणाऱ्याला देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता राखण्याची शपथ बंधनकारक झाली आणि तिथल्या द्रमुक पक्षाने स्वतंत्र द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेतल्या वेगळ्या राष्ट्राची, मागणी सोडली. राज्यांच्या अधिकारांचा आग्रह मात्र त्या पक्षाने पुढेही चालूच ठेवला. पहिल्या मागणीला फुटीरतावाद म्हणता येईल, दुसऱ्या आग्रहाला मुळीच नाही.

‘केंद्र सरकार’ हा शब्द मराठीत पक्का रुजला आहे, तो चुकीचा मानण्याचे कारण नाही. तरीही अनुच्छेद १ भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हणतो, हे मुलांना ठाऊक असावे, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत केंद्रावरची टीका व संघापासून फुटण्याची मागणी यांसाठी त्यांनी एकच शब्द वापरू नये, असे मला कळकळीने वाटते.