नैवेद्याचं ताट समोर आलं आणि रडू फुटलं. असं कुणाला होतं का?

लातूरची_लेक
घर माळकरी, पण माझं देवाशी फारसं जमत नाही. आरतीत मन लागत नाही. अंगानं जाड, त्यामुळं लहानपणापासून 'हिला जास्त वाढू नका' ऐकत आले. पंगतीत वाढणारीचा हात माझ्या ताटाशी आखडायचा, म्हणून मीच आधी 'बस्स' म्हणायची. मग घरी येऊन उभ्यानं, डब्यातूनच, चव न घेता गिळायचं.

यंदा वेळ अमावस्येला, रानात पीक पूजायच्या सणाला, मामाच्या शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली, मामीनं नैवेद्य दाखवला आणि तेच ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं. मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचा उंडा, खीर, आंबिलीचा पेला. भज्जीतले तुरीचे ओले दाणे दाताखाली फुटत होते, चिंच जरा मागून लागत होती. आंबील रात्रभर आंबलेली, लसणाची. जिभेच्या कडा झिणझिणल्या. आणि डोळ्यांतून धारा. पांडवांना वाढलं तेच मला, हात न आखडता. तेवढा वेळ माझ्या अंगाचा मला विसर पडला.

हे देवाचं प्रेम म्हणायचं, की उघड्या रानात कडकडून भूक लागली होती एवढंच? हसू नका.

औशाकडचा
काय बोलालाव ताई, हसायचं काय त्यात! ज्वारीच्या पिठाला ताकात रात्रभर आंबू दिलं की चव येतीच. भूक म्हणाल तर तीबी खरीच. पण संध्याकाळी आपण हीच आंबील पिकावर शिंपडतो. ज्वारीला, हरभऱ्याला तिचा वाटा मिळतो, आन् तुम्हाला नको म्हणणारा देव कुठला?

गंगाखेडची_मावशी
बाळ, आमचं गाव जनाबाईचं. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई, अन् देव जात्याला हात लावायला यायचा म्हणतात. नरसीच्या नामदेवांची गोष्ट तर तुला ठाऊकच असेल, कोरडी भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले. त्या कुत्र्याला कुणी वजन विचारलं होतं का?
तू एक कर, उभ्यानं गिळणं सोड. देवाला नैवेद्य डब्यातून दाखवतेस का? मग स्वतःला का? पाट मांड, ताट वाढून घे, सावकाश चाव. पोट भरलं की ऊठ.

साखरवाला
सगळं मान्य. फक्त खिरीची तिसरी वाटी देवाच्या नावावर खपवू नका, मी तसंच करून आता गोळ्या खातोय. 😄

लातूरची_लेक
मावशी, काल पाट मांडला. भाकर, येसराची आमटी, फोडलेला कांदा. सासूबाई म्हणाल्या, कोण पाहुणं येणार हाय? म्हटलं, मीच जेवायला बसतेय. त्या काही बोलल्या नाहीत, पण तुपाचं भांडं पुढं सरकवलं. आमटी मात्र खारट झाली होती, तरी खाल्ली.
औशाकडचे, आंबिलीला पीठ किती अन् ताक किती, घरी विचारून नीट लिहा ना.