मॉरिस मायनर (जुनी ब्रिटिश कार) रेस दिली की गचके खाते

बर्मिंगहॅमला असतो, १९६७ ची मायनर १००० आहे, १०९८ सीसी, सगळी कामं घरीच करतो. आयडलला मस्त चालते पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अडखळते, प्लग आणि पॉइंट (ठिणगी पाडणारे भाग) नवीन टाकलेत, अजून काय बघू?

> एसयू कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) डॅशपॉटमधलं, म्हणजे वरच्या उभ्या नळकांड्यातलं तेल बघितलंस का? ते संपलं की त्यातला पिस्टन भसकन वर जातो आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. २० नंबरचं तेल घाल, दांडीवालं टोपण परत बसवताना साधारण ६ मिमी वर असतानाच अडल्यासारखं लागलं की लेव्हल बरोबर.

> कार्बोरेटरचा तो पिस्टन उचलून सोडून पण बघ, टक् आवाज यायला हवा. नाही आला तर पेट्रोलने पूस, पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस बाबा, तिथली फिटिंग फार बारीक असते.

डॅशपॉट कोरडा ठणठणीत होता! तेल घातलं, आता लोण्यासारखी पळतेय, थँक्यू दोघांना.