माय रात्रभर कडी काढते, झोपेची गोळी द्यावी का?

वावरकर: मायला स्मृतिभ्रंश, वय ७४. दिवेलागण झाली की स्वतःच्याच घरात बसून "मले घरी जाऊ दे" सुरू होते. रात्री दोन-तीनदा दाराची कडी काढते. आठ दिवसांत फारच वाढलं. कापसाची वेचणी सुरू आहे, दिवसभर वावर अन् रात्री जागरण. गोळी द्यावी का?

पांढरा_कोट: आधी गोळी नको. हा आजार महिन्या-वर्षांनी वाढतो. आठ दिवसांत वाढला म्हणजे दुसरं काहीतरी आहे. लघवी तपासा; म्हाताऱ्या माणसाला त्यात इन्फेक्शन झालं की कधी ताप न येताही नुसता गोंधळ वाढतो. पोट तीन दिवस साफ नसेल तरी तेच. रक्तात सोडियम, थायरॉइड, बी-१२ पाहा. सर्दी-खाजेसाठी एविल चालू आहे का? तिनंही भ्रम वाढतो. झोपेच्या गोळीनं माणूस अर्धवट गुंगीत उठतो, पडतो अन् खुबा मोडतो. स्मृतिभ्रंशाची डोनेपेझिल गोळी रात्री देत असाल तर त्यानं झोप उडू शकते. सकाळी द्यावी का, ते डॉक्टरांना विचारा.

निंबाची_सावली: "हेच तुझं घर" असा वाद घालू नका, तिच्या मनातलं घर बहुतेक माहेर असते. "दूध घेऊ, मग निघू" म्हणा अन् अंगणात दोन चकरा मारा. अंधार पडायच्या अर्धा तास आधी दिवे लावा, सावल्यांची माणसं दिसतात त्यांना. वीज जाते म्हणून एक चार्जिंगचा बल्ब. तीननंतर चहा बंद.
सवयीच्या कडीवर हात आपोआप जातो. नवी कडी दाराच्या अगदी वर बसवा, खाली बकरीची घंटी बांधा. मात्र बाहेरून कुलूप लावून वावरात जाऊ नका. आणि फवारणीच्या बाटल्या! त्या सरबत समजून तोंडाला लागतात. कुलपात ठेवा, विहिरीवर जाळी टाका.

तिसरी_बहीण: रात्री वाटून घ्या, आठवड्यात दोन तरी सलग झोपेच्या. शहरातला भाऊ फक्त फोनवर "कशी आहे माय?" विचारत असेल, तर वेचणीपुरत्या रात्रीच्या बाईचे पैसे त्याच्याकडून घ्या. सांगितल्याशिवाय तो समजत नाही. टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत. तो नंबर सांभाळणाऱ्यासाठीही आहे.

वावरकर: उद्या लघवी देतो. एविल दहा दिवसांपासून चालू आहे, खाजेसाठी.

पांढरा_कोट: मग एविलच्या गोळ्यांची पट्टी घेऊनच डॉक्टरकडे जा.