मराठी मुलखातील मेथॉडिस्ट मंडळ्या: त्या आल्या कुठून, आणि सी.एन.आय.मध्ये का नाहीत?

तळेगावची_नात (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे घराणे अहमदनगर जिल्ह्यातील असून ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढले. ती मंडळी आज उत्तर भारतीय चर्चमध्ये, म्हणजे सी.एन.आय.मध्ये आहे. आईचे माहेर मात्र पिढ्यान्‌पिढ्या मेथॉडिस्ट, म्हणजे निराळ्या प्रोटेस्टंट पंथाचे. दोन्ही घरची माणसे मराठीच बोलतात, गीतेही बहुतेक तीच गातात, तरी दोन मंडळ्यांचा कारभार, पाळकांच्या नेमणुका आणि दप्तरे अगदी निराळी आहेत. मराठी मुलखात अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून आणि स्कॉटिश मिशन त्यानंतर थोड्याच वर्षांत काम करीत असताना मेथॉडिस्ट येथे केव्हा व कोणत्या वाटेने आले, आणि १९७० मध्ये बाकीची चर्चे एकत्र झाली तेव्हा ते बाहेर का राहिले, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी विनंती एका कागदाविषयी आहे. आईच्या पणजोबांचा एक छापील इंग्रजी परवाना आमच्याकडे आहे. वर ‘मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च’ आणि ‘बॉम्बे कॉन्फरन्स’ असे छापलेले आहे, मधल्या ओळीत शाईने त्यांचे नाव आणि ‘लोकल प्रीचर’ असा हुद्दा आहे, आणि खाली ‘प्रिसायडिंग एल्डर’ या शब्दांवर कोणाची तरी न लागणारी सही आहे. तारखेच्या जागी नेमकी कसर लागली आहे. या कागदाचा काळ ठरवता येईल का?

जुने_दप्तर

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईऐवजी बरेलीपासून सुरू करावे लागेल, कारण अमेरिकन मेथॉडिस्टांचा मुंबईत येण्याचा मुळात बेतच नव्हता. विल्यम बटलर १८५६ मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हा, जेथे दुसऱ्या मिशनचे काम नाही असा प्रदेश हवा म्हणून, त्यांनी अवध आणि रोहिलखंड निवडले. बरेलीत बिऱ्हाड नीट लागते न लागते तोच १८५७ चा उठाव झाला आणि त्यांना नैनितालचा आसरा घ्यावा लागला. पुढची दीड दशके या मिशनचे लक्ष त्या भागापुरतेच राहिले.

ती हद्द मोडली विल्यम टेलर यांनी. हे गृहस्थ मिशनचे पगारी नोकर नव्हते. सोन्याच्या धामधुमीच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभे राहून प्रवचने करणारे म्हणून त्यांची ख्याती झाली होती. नंतर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका फिरून ते १८७० च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरले. वर्षभर उत्तरेत काम केल्यावर ते मुंबईत आले. येथे त्यांच्या सभांना जमले ते बहुतेक इंग्रजी बोलणारे लोक: रेल्वेचे गार्ड आणि ड्रायव्हर, कचेऱ्यांतले कारकून, अँग्लो-इंडियन कुटुंबे, पलटणीतले शिपाई. या लोकांना चर्चे होती, पण तेथे त्यांची फारशी विचारपूस होत नसे. टेलरनी त्यांच्या घरोघरी बैठका सुरू केल्या. मेथॉडिस्टांमध्ये अशा बैठकीला ‘क्लास’ म्हणतात; दहा-बारा माणसे आठवड्यातून एकदा जमणार, प्रत्येक जण आपल्या आत्मिक स्थितीविषयी बोलणार, एक जण पुढारी असणार आणि वर्गणी तेथेच गोळा होणार. या बैठकींतून १८७२ च्या सुरुवातीला मुंबईची मंडळी उभी राहिली. मिशनचा खर्च चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाकडून पैसा घ्यायचा नाही, मंडळीने आपला पाळक आपणच पोसायचा, हा टेलरांचा दंडक होता.

मुंबईत त्यांना मिळालेला सर्वांत मोठा आधार म्हणजे जॉर्ज बोवेन. बोवेन १८४८ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे म्हणून आले होते, पण मिशनरीचा पगार आणि बंगला सोडून ते देशी वस्तीत अगदी थोडक्यात राहत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवीत. ते टेलरांच्या कामात सामील झाले आणि १८८८ मध्ये येथेच वारले; चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी परतले नाहीत. अपोलो बंदराजवळचे बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे आहे. आपल्या वडिलांच्या आणि आईच्या मंडळ्यांना जोडणारा माणूस शोधायचा झाल्यास बोवेन यांच्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते.

यानंतरची वाट रुळांवरून गेली. मुंबईहून पुणे, इगतपुरी, पलीकडे कराची अशी जेथे जेथे रेल्वेची वा लष्कराची वसाहत होती तेथे इंग्रजी मंडळ्या झाल्या. पुण्याच्या मंडळीतून निघालेले एक नाव तर दूरवर पोचले. विल्यम ओल्डहॅम हे बंगळूरला जन्मलेले सरकारी सर्व्हेअर. पुण्यातील मेथॉडिस्ट सभांत त्यांचे मन पालटले, ते अमेरिकेत शिकून आले, आणि १८८५ मध्ये सिंगापूरला जाऊन त्यांनी तेथील मेथॉडिस्ट काम सुरू केले. तेथील प्रसिद्ध अँग्लो-चायनीज स्कूल त्यांनीच १८८६ मध्ये काढले. पुणे लष्करातले ओल्डहॅम चर्च त्यांचेच नाव सांगते. सिंगापूरचे मेथॉडिस्ट आपला इतिहास सांगताना पुण्याचा उल्लेख करतात; पुण्यात मात्र हे ठाऊक असणारी माणसे मला क्वचितच भेटली.

कारभारापुरते सांगायचे तर मेथॉडिस्टांत एका प्रदेशातील मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला कॉन्फरन्स म्हणतात; १८७६ मध्ये साउथ इंडिया कॉन्फरन्स स्थापन झाली आणि १८९२ मध्ये तिच्यातून बॉम्बे कॉन्फरन्स वेगळी निघाली.

चारोतरचा_जावई

वरील माहिती उत्तम आहे, परंतु स्वावलंबनाच्या दंडकाचे जे कौतुक नेहमी होते त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. ज्याला दरमहा रेल्वेचा पगार मिळतो त्याने पाळकाचा खर्च उचलणे निराळे, आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्या, बलुत्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबाने तो उचलणे निराळे. काम इंग्रजीतून मराठी आणि गुजरातीकडे वळले, शाळा आणि वसतिगृहे निघाली, तेव्हा टेलरांचा नियम टिकला नाही आणि बोर्डाचा पैसा घ्यावाच लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी तर चित्रच बदलले. अनाथ मुलांचा सांभाळ करायचा तर वर्गणीच्या पेटीवर भागणार कसे?

बॉम्बे कॉन्फरन्सचा इतिहास केवळ मराठी म्हणून वाचू नये, हेही येथे नोंदवतो. माझ्या सासुरवाडीकडे, म्हणजे खेडा जिल्ह्यात, त्याच काळात मेथॉडिस्ट मंडळ्या मराठी भागापेक्षा कितीतरी वेगाने वाढल्या. नडियादचे मेथॉडिस्ट रुग्णालय त्याच वाढीतून उभे राहिले. मराठी मुलखात जुन्या मिशनांनी जिल्हे आधीच व्यापलेले होते. अहमदनगरच्या खेड्यांत अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. मेथॉडिस्टांना मिळाल्या त्या मधल्या फटी: पुण्याजवळ तळेगाव दाभाडे, गोदाकाठी पुणतांबे, विदर्भात नागपूर-कामठी. त्यामुळे आजही मराठी मेथॉडिस्ट मंडळ्या सलग पट्ट्यात नसून विखुरलेल्या दिसतात.

नोंदवही

प्रथम परवान्याविषयी. कसरीने तारीख खाल्ली असली तरी छापलेला मजकूर पुरेसा बोलका आहे. बॉम्बे कॉन्फरन्स १८९२ च्या डिसेंबरात स्थापन झाली, तेव्हा कागद त्याआधीचा असू शकत नाही. ‘प्रिसायडिंग एल्डर’, म्हणजे एका भागातील मंडळ्यांवर देखरेख करणारा पाळक, हा हुद्दा मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चने १९०८ मध्ये बदलून ‘डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट’ केला. आपले जुने लोक ज्यांना ‘डी.एस. साहेब’ म्हणतात ते हेच. म्हणजे कागद १८९३ ते १९०८ या पंधरा-सोळा वर्षांतला आहे. जुने छापील फॉर्म संपेपर्यंत वापरण्याची आपल्याकडील सवय लक्षात घेता वरची मर्यादा वर्ष-दोन वर्षांनी पुढे सरकवावी. लोकल प्रीचरचा परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागे, त्यामुळे एकाच माणसाचे असे अनेक कागद निघू शकतात. ट्रंकेच्या तळाशी, बायबलच्या पानांत, फोटोच्या चौकटीमागे पाहावे.

चर्चच्या नावावरूनही काळ काढता येतो. १९३९ मध्ये अमेरिकेतील तीन मेथॉडिस्ट चर्चे एक झाली आणि ‘एपिस्कोपल’ हा शब्द गळाला. त्यानंतरच्या कागदांवर ‘मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ आढळते. आणि ७ जानेवारी १९८१ पासून येथील चर्च स्वायत्त होऊन ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ झाले. बाप्तिस्म्याचे दाखले आणि वसतिगृहाच्या पावत्या यांनाही हीच कसोटी लावावी.

नोंदी शोधताना आपल्या वडिलांच्या घराण्याची सवय येथे उपयोगी पडणार नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत मंडळी आपला पाळक आपण बोलावीत असे आणि तो तेथे वर्षानुवर्षे राहू शके. मेथॉडिस्टांत वार्षिक कॉन्फरन्सच्या शेवटी बिशप नेमणुकांची यादी वाचून दाखवतात आणि पाळकाने सांगितल्या ठिकाणी जायचे असते. पाळकाची चार मुले चार गावांत जन्मलेली असणे ही त्यामुळे नित्याचीच गोष्ट. लोकल प्रीचर मात्र बहुधा एकाच गावी राहून आपला धंदा वा नोकरी सांभाळत उपदेश करी. आपले पणजोबा पुढे पूर्णवेळ पाळक झाले असतील तरच त्यांचे नाव नेमणुकांच्या यादीत सापडेल. ती यादी कॉन्फरन्सच्या दरवर्षी छापल्या जाणाऱ्या कार्यवृत्तात असते. अमेरिकेत न्यू जर्सीतील मॅडिसन येथे, ड्र्यू विद्यापीठाच्या आवारात, मेथॉडिस्टांचा मध्यवर्ती दप्तरखाना आहे. कार्यवृत्तांची चौकशी तेथे पत्राने करता येते. स्थानिक मंडळीच्या वहीत नाव शोधताना ‘प्रोबेशनर’ आणि ‘फुल मेंबर’ असे दोन रकाने दिसतील. नव्याने आलेल्याला पूर्ण सभासद होण्यापूर्वी निदान सहा महिने उमेदवारी करावी लागे, म्हणून एकच व्यक्ती दोन ठिकाणी निरनिराळ्या तारखांनी नोंदलेली असली तर गोंधळून जाऊ नये.

आता सी.एन.आय.चा प्रश्न. आपल्या वडिलांची मंडळी १९७० मध्ये एकदम तेथे गेली नाही. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्यांचे ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाले तेव्हाच ती पहिल्या संयोगात सामील झाली होती, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात तेच चर्च अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स यांच्यासह उत्तर भारतीय चर्चमध्ये गेले. त्या दिवशी मेथॉडिस्ट मुळीच आले नाहीत असे म्हणणे बरोबर नाही. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन कॉन्फरन्सशी जोडलेले मेथॉडिस्ट आले. अमेरिकन परंपरेतले, म्हणजे संख्येने कितीतरी मोठे असलेले, आले नाहीत. ते अनेक दशके वाटाघाटींत होते आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर, त्याच वर्षी, मागे सरले. कारणे दोन सांगितली जातात: बिशपपदाच्या आणि दीक्षेच्या स्वरूपाविषयीचे मतभेद, आणि जगभरच्या मेथॉडिस्ट कुटुंबाशी असलेले नाते तुटेल ही भीती. माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. ज्यांची शाळा, रुग्णालय, बिशप आणि नेमणूक हे सगळे एकाच साखळीत बांधलेले आहे त्यांना ती साखळी सोडणे जड जाणारच. अकरा वर्षांनी तेच चर्च स्वायत्त झाले तेही अमेरिकन चर्चशी सलोख्याने, नाते न तोडता.

तळेगावची_नात

सर्वांचे मनापासून आभार. परवान्याचा काळ इतक्या जवळ आणता येईल असे वाटले नव्हते. आईकडून आणखी एक गोष्ट कळली: पणजोबांची पत्नी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली होती. मुक्ती मिशन तर पंडिता रमाबाईंचे आणि कोणत्याही चर्चच्या ताब्यात नसलेले. मग तेथील मुलीचे लग्न मेथॉडिस्ट घरात होणे विशेष मानावे काय?

जुने_दप्तर

विशेष मानण्याचे कारण नाही, कारण केडगावात मेथॉडिस्टांचे येणे-जाणे चांगलेच होते. मिनी एब्रम्स या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या डीकनेस (चर्चच्या सेवेला वाहून घेतलेली स्त्री) १८८७ मध्ये मुंबईत आल्या, त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले आणि १८९८ मध्ये त्या रमाबाईंच्या मदतीला केडगावी गेल्या. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तेव्हा तेथे होत्या. १९०५ च्या जूनमध्ये केडगावात जे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झाले, मुली रात्र-रात्र प्रार्थनेत रडू लागल्या, त्याचे वर्णन करणारी पुस्तिका एब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये लिहिली.

या पुस्तिकेचा पुढचा प्रवास आपल्याला आवडेल. एब्रम्सबाईंची शिकागोच्या प्रशिक्षण शाळेतील एक सोबतीण चिलीतील व्हाल्पाराइझोच्या मेथॉडिस्ट पाळकाची, विलिस हूवर यांची, पत्नी होती. पुस्तिका १९०७ मध्ये त्या घरी पोचली. ती वाचून हूवर यांच्या मंडळीत १९०९ मध्ये तसेच संजीवन सुरू झाले. चर्चच्या वरिष्ठांना ते मानवले नाही, हूवर आणि त्यांचे लोक वेगळे झाले, आणि त्यांच्यातून निघालेली मेथॉडिस्ट पेंटेकोस्टल चर्चे आज चिलीतील मोठ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत गणली जातात. चिलीतले मेथॉडिस्ट काम मुळात सुरू केले होते तेही मुंबईच्याच विल्यम टेलरांनी, १८७० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच स्वावलंबनाच्या दंडकावर.

आपल्या पणजीबाईंचे केडगावातील वास्तव्य नेमके कोणत्या वर्षांतले, हे आईला विचारून येथे लिहावे. १९०५ पूर्वीचे असेल तर कोणत्या दुष्काळात त्या तेथे आल्या, त्यावरून त्यांचे मूळ गाव कोणत्या भागात शोधावे हे ठरवता येईल. रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून मुली आणल्या होत्या.