मॅकरंगावर मुंग्या दिसल्या म्हणजे त्या झाडातच राहतात का?

रानवाटा: एरंडाच्या कुळातील मॅकरंगा ही प्रजाती मुंग्यांना आसरा देते, असे वाचनात आले. मात्र मॅकरंगा तनारिअसच्या कोवळ्या पानांवर मुंग्यांची सतत ये-जा दिसत असूनही त्याची फांदी आतून भरीवच असते. मग ही जात अपवाद समजावी का?

पर्णिका: अपवाद खरे तर उलट बाजूला आहे. आफ्रिकेपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेल्या या प्रजातीत सुमारे 300 जाती असून, खोडात मुंग्यांना घर देणाऱ्या जाती जेमतेम तीसेक आहेत आणि त्या मुख्यतः मलाय द्वीपकल्प, सुमात्रा व बोर्निओ येथेच आढळतात. तनारिअस केवळ पानांवरच्या ग्रंथींतून मधुरस पुरवते. अळ्यांनी पान कुरतडले की हा रस वाढतो आणि मुंग्यांची वर्दळही वाढते. पण त्या राहतात दुसरीकडेच.

मॅकरंगा ट्रायलोबाचा थाट निराळा आहे. तिच्या खोडातील गाभा आपोआप वाळून पोकळी तयार होते, क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांची राणी रोपटे लहान असतानाच खोडाला भोक पाडून आत शिरते, आणि तिच्या वसाहतीला मागे वळलेल्या उपपर्णांच्या (देठाच्या बुडाशी येणाऱ्या लहान पानासारख्या भागांच्या) आतल्या बाजूस येणारे बारीक पांढरे दाणे खाद्य म्हणून मिळतात. खोडाच्या आतच खवले कीटकही वाढतात व त्यांचा गोड स्राव मुंग्या चाटतात.

सावलीतला: पोकळी हा एकच निकष धरू नये. होसेई आणि प्रुइनोसा या जातींत खोड आपोआप पोकळ होत नाही, तर मऊ गाभा मुंग्याच कोरून काढतात. शिवाय होसेईचे रोप बरेच वाढेपर्यंत रिकामेच असते. हायपोल्युका व प्रुइनोसा यांच्या खोडावर पांढऱ्या मेणाचा पातळ थर असतो, बोट फिरवले की तो पुसला जातो. त्यावरून इतर मुंग्या घसरून पडतात, आत राहणाऱ्या मात्र सहज चालतात. बँकानाच्या खोडावर मेण नसते, तरी तिच्यात मुंग्या राहतात.

रानवाटा: एवढा खटाटोप करून झाडाला मिळते काय?

पर्णिका: ही झाडे जंगलातील मोकळ्या, उजेडाच्या जागी झपाट्याने वाढतात आणि अशा ठिकाणी अळ्यांइतकाच वेलींचाही उपद्रव असतो. मुंग्या अळ्यांना हुसकावतातच, पण झाडाला टेकलेल्या वेलीचा कोवळा शेंडाही चावून तोडतात, आणि माझ्या मते हा दुसरा लाभ मुळीच कमी नाही.