मदत हवी आहे: फोटोत दोन बोटं कधीपासून?
भाचीच्या आठवीच्या प्रकल्पासाठी विचारतोय, सोमवारी द्यायचाय. पांडवलेण्यांच्या सहलीच्या ग्रुप फोटोत जवळजवळ सगळ्या पोरांची दोन बोटं वर. एकाने तर बाईंच्या डोक्यामागे शिंगंच काढलीत. का, तर म्हणे "असंच".

सापडलं ते एवढं: 1941 पासून चर्चिलचा विजयाचा व्ही, पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांची शांततेची खूण, 1972 च्या साप्पोरो ऑलिंपिकच्या सुमारास जपानमध्ये फोटोतली सवय. तळहात स्वतःकडे वळवला की ब्रिटनमध्ये ती शिवी, हेही कळलं. निवडणुकीतले विजयाचे हात नकोत, साधे घरगुती फोटो हवेत.

गाडी अडलीय ती आमच्या नाशिकपाशी: इथे ही पोज कधी आली? आमच्या अल्बममध्ये रोलच्या कॅमेऱ्यापुढे सगळे हाताची घडी घालून ताठ. तुमच्याकडे मोबाइलच्या आधीचा, दोन बोटांचा फोटो आहे का? कोणत्या सालचा, आणि ती पोज तेव्हा कुणाचं बघून उचलली होती?